बॅटरी पुरवून वापरा, पीक नोंदवूनच परत या

पीक पाहणी हे पूर्वी तलाठ्याचे काम होते. तलाठी गावात यायचा, चावडीत बसायचा आणि दोन-चार जाणत्या माणसांना विचारून अमुक गटात ज्वारी, तमुक गटात तूर असे लिहून मोकळा व्हायचा. ही जाणती माणसे कोणत्या आळीची असत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गावकुसाकडेच्या दीड एकरात काय उभे आहे, हे पाहायला कोणी चावडीतून उठून तिकडे गेल्याचे आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत क्वचितच सापडेल.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही रीत बदलली. आता शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून मोबाईलवर पीक नोंदवायचे आणि फोटो काढायचा. आपण कुठे उभे आहोत ते फोन उपग्रहांवरून ओळखतो आणि ती जागा नोंदीला जोडतो. २०२२ च्या आवृत्तीत गटाचा मध्यबिंदूही ॲपमध्ये घालण्यात आला, त्यामुळे शेतापासून लांब उभे राहून नोंद करू पाहिली तर ॲप तसे सांगते. घरी ओसरीवर बसून हे काम होत नाही. लेखणी आपल्या हातात आली, ही चांगलीच गोष्ट झाली. फक्त ही लेखणी विजेवर चालते आणि वीज शिवारात नसते.

नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार, किनवट किंवा लातूर जिल्ह्यातील जळकोट, अहमदपूर या डोंगराळ भागात जा. घरात बऱ्यापैकी फोन एकच. रात्री मुलांनी त्यावर अभ्यास केलेला, थोडा सिनेमाही पाहिलेला. सकाळी वीज नाही. चाळीस टक्के चार्जिंगवर घरधनी शेताकडे निघतो. वाटेत रेंज येते-जाते. शेतात पोहोचेपर्यंत पंधरा टक्के उरलेले असतात, आणि फोटो काढण्याच्या वेळी पडदा काळा होतो. परत फिरायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी कामावर जायचे, आणि बघता बघता मुदत संपते.

या नोंदीचे मोल किती ते एका उदाहरणावरून पाहू. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन व कापूस उत्पादकांना शासनाने २०२४ मध्ये हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य दिले. सुरुवातीला अट होती ती ई-पीक पाहणीत नोंद असण्याची. पुढे ओरड झाल्यावर सातबारावर पिकाची नोंद असलेल्यांनाही त्यात घेतले. म्हणजे कुठे ना कुठे नोंद लागलीच. एक एकर सोयाबीन असलेल्या माणसाचे ते साधारण दोन हजार रुपये होतात. मोठ्या बागायतदाराला ते काहीच नसतील, आपल्या घरात त्यातून दोन लेकरांची वह्या-पुस्तके होतात. पीक विमा, पीक कर्ज, हमीभावाने खरेदी, अतिवृष्टीची भरपाई या सगळ्यांतही 'सातबारावर पीक कोणते?' हा प्रश्न येतोच. २०२५ च्या ऑगस्टच्या मध्यात मुखेड तालुक्यात अतिवृष्टी आणि पूर आला, तो खरिपाच्या पीक पाहणीच्याच दिवसांत. पीक वाहून गेल्यावर फोटो कशाचा काढणार? म्हणून खरिपाची नोंद मुदतीच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये आणि गेलेली फेरी वाया जाऊ देऊ नये.

बॅटरी खाते कोण?

बहुतेकांचा समज असा की जीपीएस सुरू केले की तेच बॅटरी खाते. ते खाते हे खरे, पण सगळा दोष त्याचा नाही. उन्हात सगळ्यांत जास्त खातो तो फोनचा पडदा. उजेड आपोआप कमी-जास्त करण्याची सोय चालू असेल तर कडक उन्हात फोन पडद्याचा उजेड पार टोकाला नेतो, आणि आपण तो तसाच हातात धरून बांधाबांधाने चालत राहतो. चालताना पडदा बंद ठेवावा. गटात पोहोचल्यावर छत्री, टॉवेल किंवा पदराची सावली करून पाहावे. सावलीत निम्म्या उजेडातही अक्षर दिसते. पडदा तीस सेकंदांत आपोआप मिटेल अशी व्यवस्था सेटिंगमध्ये करून ठेवावी.

दुसरा खाणारा आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे रेंजचा शोध. टॉवर जवळ असला की फोन त्याच्याशी हळू आवाजात बोलतो. टॉवर डोंगराआड गेला की फोनला ओरडून बोलावे लागते, आणि रेंज तुटली की तो पुन्हा पुन्हा हाका मारत राहतो. बालाघाटाच्या घड्यांमध्ये वसलेल्या गावांत हेच होते. फोन खिशात नुसता पडून असतो, कोणी हात लावलेला नसतो, तरी तासा-दोन तासांत चार्जिंग उतरते. माणूस म्हणतो बॅटरी खराब आहे, दुकानदार म्हणतो नवा फोन घ्या. बॅटरी ठीक असते, टॉवर लांब असतो.

यावर उपाय म्हणजे विमानाचे चिन्ह असलेली सोय, फ्लाईट मोड. ते दाबले की फोनचे टॉवरशी बोलणे थांबते. 'मग जीपीएस कसे चालेल?' असे पुष्कळ जण विचारतात. जीपीएसला रेंज लागत नाही, रिचार्जही लागत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह आपापली वेळ आणि जागा सतत सांगत असतात. फोन ते फक्त ऐकतो आणि हिशेब करतो. रेडिओ ऐकायला जसे आकाशवाणीला उलट फोन करावा लागत नाही, तसेच हे. त्यामुळे बहुतेक फोनमध्ये फ्लाईट मोडमध्येही ठिकाण कळते. 'लोकेशन' चालू आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

यात एक मेख आहे, ती ध्यानात ठेवावी. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील पुरा सांगायला अर्धा मिनिट घेतो, आणि सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पुरे ऐकायला साडेबारा मिनिटे लागतात. इंटरनेट असले की ही माहिती फोन तिकडून चटकन उचलतो. ते नसले की आकाशातून सावकाश ऐकत बसतो. फार दिवस लोकेशन बंद ठेवलेला फोन बिनरेंजच्या शेतात नेऊन उघडला तर तो बराच वेळ नुसता गोल गोल फिरत राहतो, आणि त्या वेळात पडदाही चालू, बॅटरीही चालू. म्हणून निघताना अंगणात, उघड्या आकाशाखाली, इंटरनेट चालू ठेवून नकाशा एकदा उघडावा. आपली जागा निळ्या ठिपक्याने नीट दिसली की पडदा बंद करून निघावे. उपग्रहांची ही माहिती काही तास ताजी राहते. शेतात मग ठिकाण लवकर सापडते. आंब्याच्या किंवा लिंबाच्या दाट झाडाखाली मात्र उभे राहू नये. सावली आपल्याला बरी वाटते, फोनला आकाश हवे असते.

निघण्यापूर्वी आणि शेतात

ॲप नवे करून घेणे, खातेदाराची नोंदणी, मोबाईलवर येणारा सांकेतिक अंक, गावाची व गटांची माहिती उतरवून घेणे ही इंटरनेटची सर्व कामे आदल्या रात्री घरी उरकावीत. शेताच्या बांधावर उभे राहून पासवर्ड आठवत बसणे म्हणजे चार्जिंग मातीत घालणे. फोटो आधी काढून ठेवून रेंजमध्ये आल्यावर पाठवण्याची सोय आपल्या ॲपमध्ये असेल तर तीच वापरावी. एखाद्या टप्प्याला इंटरनेट लागलेच तर तेवढ्यापुरता फ्लाईट मोड काढावा आणि काम झाले की पुन्हा लावावा.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाढदिवस आणि पुढाऱ्यांचे फोटो आपोआप उतरत असतात. ती सोय कायमचीच बंद केली तर बॅटरी वाचेल आणि फोनमधली जागाही. ब्लूटूथ बंद. दुसऱ्याला हॉटस्पॉट देऊ नये. शेजारधर्म म्हणून देतोच आपण, पण हॉटस्पॉटएवढा खादाड दुसरा क्वचितच. गाणी लावायची असतील तर घरी परतताना लावावीत.

'बॅटरी सेव्हर' नावाची सोय प्रत्येक फोनमध्ये असते. ती लावली की काम झाले असे वाटते. पण पुष्कळ फोनमध्ये ही सोय चालू असताना पडदा मिटला की लोकेशनही थांबते. एका जागी उभे राहून फोटो काढायचा असेल तर काही बिघडत नाही. परंतु बांधाने फिरून शेताची आकृती काढायची असेल तर मधलीच रेघ गायब होते आणि नकाशात आपण विहिरीवरून सरळ चालत गेलेलो दिसतो! आकृती काढायची त्या वेळी बॅटरी सेव्हर काढून टाकावा, पडदा मात्र मिटलेला ठेवावा.

ऑगस्ट-सप्टेंबरची उघडीप फार वाईट असते. अंगातून घाम निथळतो आणि फोनही तापतो. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो, कॅमेरा बंद करतो, चार्जिंग घेत नाही. मोटारसायकलच्या हँडलला उन्हात फोन लावून त्यालाच चार्जरची वायर जोडणे हा तर दुहेरी ताप. फोन कापडी पिशवीत, डब्याशेजारी, सावलीत न्यावा. तापलाच तर मागचे कव्हर काढून पाच मिनिटे सावलीत ठेवावा. पाण्याच्या घागरीला टेकवू नये. पाऊस असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा, आणि चार्जिंगचे भोक ओले असताना वायर मुळीच लावू नये. ज्या फोनची पाठ फुगलेली दिसते तो चार्जिंगला लावून घरात झोपू नये. ती बॅटरी आधी बदलावी. नव्या फोनपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

पॉवर बँकेविषयी दोन शब्द. बाजारात १०,००० एमएएच लिहिलेली पॉवर बँक मिळते आणि फोनची बॅटरी ५,००० ची असते. साधा हिशेब सांगतो की फोन दोनदा भरेल. प्रत्यक्षात तो सव्वा वेळेच्या आसपासच भरतो. कारण तो दहा हजारांचा आकडा आतल्या पेशींच्या ३.७ व्होल्टचा असतो, बाहेर येताना वीज ५ व्होल्टची करावी लागते आणि त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. डब्यावर बारीक अक्षरांत खरा आकडा छापलेला असतो, साधारण सहा हजारांच्या घरात. घेताना तो वाचावा. जो विक्रेता वीस-तीस हजारांचा आकडा दाखवून तळहातावर मावणारी हलकी डबी देतो, त्याच्याकडून घेऊ नये. प्रत्येक घराने ती घ्यावी असेही नाही. बचत गटाने एक चांगली पॉवर बँक घेतली आणि पीक पाहणीच्या दिवसांत पाळीपाळीने वापरली तर दहा घरांचे काम होते. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, तेव्हा वस्तीतील चांगला फोन असलेल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने पाच-सहा घरांची शेते एका फेरीत केली तरी चालण्यासारखे आहे. हे काम पुरुषानेच केले पाहिजे असे ॲपमध्ये कुठे लिहिलेले नाही.

शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेले गट पूर्ण करण्यासाठी गावपातळीवर सहायक असतात. आपली काही बारावी-पदवी झालेली मुले हे काम करतात. त्यांना दिवसभर पायपीट करावी लागते, म्हणून त्यांनी तर चार्जिंगचा हिशेबच मांडावा. पहिला गट सुरू करताना किती टक्के होते आणि झाल्यावर किती उरले, ते कागदावर लिहावे. समजा एका गटाला तीन टक्के लागले. सकाळी नव्वद टक्के होते आणि वीस टक्के अडीअडचणीला राखायचे, तर सत्तर टक्क्यांत तेवीस गट होतील. त्याहून जास्त गट त्या दिवशी धरू नयेत. आणि सुरुवात लांबच्या, बिनरेंजच्या गटांपासून करावी. गावालगतचे गट शेवटी ठेवले तर बॅटरी संपली तरी घर जवळ असते. बहुतेक मुले उलट करतात. जवळचे सोपे गट आधी उरकतात आणि डोंगरापलीकडचा गट 'उद्या' करतात. तो डोंगरापलीकडचा गट बहुधा कोणाचा असतो, हा विचार त्यांनीच करावा.

गायरानधारकांसाठी

आता ज्यांच्या नावे सातबाराच नाही, त्यांचे काय? मराठवाड्यात आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या गायरान कसत आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ज्यांच्याकडे कसत असल्याचा कागद होता त्यांना पुढे पाऊल टाकता आले. ज्यांच्याकडे नव्हता ते खेटे घालत राहिले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघू लागल्या, तेव्हाही पहिला प्रश्न तोच होता: तुम्ही इथे कधीपासून आहात, दाखवा.

गायरान शासनाच्या नावे असते, त्यामुळे आपले नाव ई-पीक पाहणीत खातेदार म्हणून येत नाही. अतिक्रमणांची नोंद गाव नमुना १-इ मध्ये होते. त्या नोंदीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करताना दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे हेच मुख्य कागद. मोबाईल त्यांची जागा घेऊ शकत नाही. पण दर हंगामाला पेरणीनंतर आणि काढणीपूर्वी त्याच चार कोपऱ्यांवर उभे राहून, विहीर, झाड, झोपडी दिसेल असे फोटो काढून ठेवले, तर वर्षावर वर्षे साठत जाऊन ती एक जोड होते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू करावे, म्हणजे फोटोच्या पोटात तारीख आणि ठिकाण दोन्ही साठते. फ्लाईट मोडमध्येही हे होते. चार कोपरे आणि मधोमध एक, असे पाच फोटो पुरेत. शंभर काढून बॅटरी घालवू नये.

हेच फोटो वकिलाला किंवा कार्यकर्त्याला व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की पोटातले ठिकाण गळून जाते, नुसते चित्र उरते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर ते शाबूत राहते. शिवाय एक प्रत मेमरी कार्डावर वेगळी ठेवावी, कारण फोन हरवतात आणि मुलांच्या हातून पुसलेही जातात.

बांधाने फिरून मोबाईलवर क्षेत्रफळ काढणारे ॲपही आहेत आणि तरुणांना त्याचे फार कौतुक असते. ढोबळ अंदाजाला ते ठीक. पण उघड्या रानात साध्या फोनचे ठिकाण तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे होते, झाडीत त्याहून जास्त. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे बाजू दहाच मीटर. चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर. एकाच बांधाला पाच मीटरचा फरक पडला तर तीन गुंठ्यांचा घोळ होतो. तो आकडा घेऊन भावकीशी किंवा शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नये. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर मोजणी भरावी. त्यांची यंत्रे सेंटिमीटरात बोलतात.

घरी परतल्यावर

रेंजमध्ये आल्यावर पहिले काम नोंद पाठवण्याचे, आणि ती पोहोचली असा संदेश पाहण्याचे. शेतात काढलेला फोटो फोनमध्येच पडून राहिला तर तो शासनाच्या लेखी काढलेलाच नाही. पाठवताना चार्जिंग पाच-सहा टक्के असेल तर आधी फोन लावावा आणि मग पाठवावा. अर्धवट तुटलेली नोंद पुन्हा करायला पुन्हा शेतात जावे लागू शकते. पीक किंवा क्षेत्र चुकले असेल तर लगेच दुरुस्त करावे. २०२२ च्या आवृत्तीत त्यासाठी ४८ तासांची मुदत देण्यात आली, आणि गावातील इतर खातेदारांच्या नोंदी पाहण्याची सोयही. वस्तीतील कोणाची नोंद राहिली ते तिथे दिसते. काही दिवसांनी सातबाराचा उतारा काढून गाव नमुना १२ मध्ये आपले पीक आले का, ते एकदा डोळ्यांनी वाचून घ्यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचवून घ्यावे आणि गट क्रमांक त्याला दोनदा म्हणायला लावावा.